जुना टर्नटेबल: कंपनीच्या खोडी, वयाचे आजार आणि घरच्या घरी करायची तपासणी

जुना टर्नटेबल हाती आला की पहिला प्रश्न असतो, "चालतो का?" त्याहून कामाचा प्रश्न वेगळा आहे: हे मॉडेल कारखान्यातून नवंकोरं बाहेर पडलं तेव्हाही काय धड करत नव्हतं? गॅरार्ड, थोरेन्स, लेन्को, ड्युअल, टेक्निक्स, यांतल्या एकाही कंपनीचं यंत्र निर्दोष नव्हतं. प्रत्येकाच्या आराखड्यातच एखादी खोड आहे, आणि तिच्यावर चाळीस-पन्नास वर्षांच्या वयाचे आजार चढलेले आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या नाहीत की नुकसान होतं. कुणी मुळातली खोड काढायला जातो आणि चांगलं यंत्र कापून-ठोकून बसतो. कुणी रबराच्या एका तुकड्याने बरा होणारा आजार "या मॉडेलचं असंच असतं" म्हणत सहन करतो आणि तेवढ्या काळात तबकड्या झिजवतो.

पुढचा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे: आधी वीज, मग फिरणारे भाग, मग वेग, मग हात (सुई धरणारी दांडी), मग सुई आणि सगळ्यात शेवटी जागा. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात, म्हणजे आधी महागडं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला हाताच्या टोकाचा भाग, आणतात. बेअरिंग, म्हणजे फिरत्या दांड्याची बैठक, कोरडं असताना चांगलं कार्ट्रिज लावलं तर घरघर तेवढी जास्त स्पष्ट ऐकू येते.

प्लग लावण्याआधी

यंत्राच्या खाली किंवा मागे एक पट्टी असते आणि तिच्यावर व्होल्ट आणि हर्ट्झ असे दोन आकडे असतात. लोक व्होल्ट वाचतात, हर्ट्झकडे काणाडोळा करतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी परत येताना आणलेले टर्नटेबल आपल्याकडे बऱ्याच घरांत आहेत. त्यांच्यासोबत 110 व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरही असतो आणि सगळ्यांची समजूत असते की प्रश्न मिटला. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, वारंवारता उतरवत किंवा चढवत नाही. आपल्या भिंतीतून येणारी वीज 50 हर्ट्झची आणि मोटर 60 हर्ट्झसाठी बनवलेली. बेल्ट किंवा आयडलर चाकाच्या (मोटरचा जोर मधल्या रबरी चाकाने पोचवणाऱ्या) जुन्या यंत्रांत मोटरचा वेग मुख्यतः वारंवारतेवरच ठरतो. त्यामुळे मिनिटाला 33⅓ ऐवजी साधारण 27.8 फेरे होतात. काळी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येतं आणि गायकाचा आवाज जडशीळ होतो.

यातला खरा सापळा पुढे आहे. अमेरिकन यंत्राच्या प्लॅटरवर, म्हणजे तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीवर, वेग बघण्यासाठी 33⅓ च्या ओळीत 216 रेघा असतात. त्यांच्यावर पडणारा निऑन दिवाही आपल्याच 50 हर्ट्झवर लुकलुकतो. प्लॅटर 27.8 ने फिरत असला तरी त्या रेघा अगदी स्थिर दिसतात. यंत्र चुकतंय आणि त्याची खूण मात्र "सगळं ठीक" सांगते. अशा वेळी कानावर विश्वास ठेवा.

इलाज म्हणजे 50 हर्ट्झची पुली. तिचा व्यास 60 हर्ट्झच्या पुलीच्या 1.2 पट असतो. गॅरार्ड आणि ड्युअलच्या मोटरवरची पुली काढून बदलता येते, फक्त आपल्या मॉडेलची आणि आपल्या वारंवारतेची मागवायची. लेन्को एल 75 या भानगडीतून सुटतो. त्याच्या मोटरचा दांडा निमुळता आहे आणि चाक त्यावर पुढेमागे सरकवून कोणताही वेग साधता येतो. क्वार्ट्झ नियंत्रण असलेले डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट प्लॅटर फिरवते असे) टर्नटेबलही सुटतात. 1979 चा टेक्निक्स एसएल-1200 एमके2 आपला वेग आणि आपल्या स्ट्रोबची (वेग दाखवणाऱ्या लुकलुकत्या दिव्याची) लय विजेच्या वारंवारतेवरून घेतच नाही. अमेरिकन एमके2 ला योग्य ट्रान्सफॉर्मर मिळाला की तो इथे बिनतक्रार चालतो. विकत घेताना हा फरक लक्षात ठेवला तर पुष्कळ पैसे वाचतात.

आता तारा. जुन्या यंत्रांना बहुधा दोनच तारांची केबल असते आणि तिचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. ती बदला. धातूची चौकट असेल तर तीन तारांची केबल घालून चौकटीला अर्थिंग द्या. मल्टिमीटरने प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिना आणि चौकट यांच्यातला रोध मोजा. तिथे जोड अजिबात दिसता कामा नये. स्विचवर ठिणगी पडू नये म्हणून बसवलेला छोटा कपॅसिटर, आपले इलेक्ट्रिशियन ज्याला कंडेन्सर म्हणतात, तो या वयात हमखास संशयित धरायचा. गॅरार्ड 301 आणि 401 मध्ये तो आतून गळू लागला की स्विच बंद असतानाही मोटरला थोडी वीज पोचते, किंवा बंद करताना स्पीकरमध्ये ठप्प आवाज येतो. कागदी आवरणाचे काही जुने कपॅसिटर तडकतात आणि एके दिवशी खोलीभर धूर करतात. बदली भाग एक्स2 दर्जाचा, 275 व्होल्ट एसीचा हवा. साधा, डीसीसाठी बनवलेला कपॅसिटर तिथे कधीही लावू नका.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरा: तारेचा जुना 40 किंवा 60 वॉटचा बल्ब यंत्राच्या मालिकेत. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मंद उजळला किंवा जेमतेम तांबूस झाला तर पुढे जायला हरकत नाही. विजेच्या कामाची सवय नसेल तर एवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

वाहतुकीचे स्क्रू

ड्युअल, गॅरार्डचे स्वस्त चेंजर (एकामागून एक तबकड्या आपोआप लावणारी यंत्रं) आणि स्प्रिंगवर तरंगणारी बहुतेक यंत्रं वाहतुकीसाठी स्क्रूने जखडलेली असतात. हे स्क्रू चौकटीच्या वरूनच दिसतात. ते आवळलेले राहिले तर मोटरची सगळी थरथर सुईपर्यंत जाते आणि माणूस उगाच मोटरला दोष देतो. यंत्र दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर पुन्हा आवळायचे आणि प्लॅटर काढून वेगळा गुंडाळायचा. प्लॅटर बसवलेलाच ठेवून प्रवास केला की बेअरिंगच्या तळाला खड्डा पडतो.

बेअरिंग

रबराची चटई आणि प्लॅटर काढा. मधला दांडा सावकाश वर ओढा. बऱ्याच यंत्रांत तळाशी पोलादी गोळी असते. ती जुन्या वंगणाला चिकटून वर येते आणि घरंगळते, म्हणून खाली पांढरं फडकं पसरून ठेवा. दांडा आणि नळी धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. बोटाच्या नखाने दांड्यावरून हलकेच फिरवा. खाच लागली तर बेअरिंग कोरडं चाललेलं आहे, आणि मग किंमत पाडून मागायची.

तेल कोणतं? दांड्याला साधं, शुद्ध खनिज तेल, यंत्राच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या दाटपणाचं. मोटरच्या टोकांना कांस्याच्या सच्छिद्र बुशी असतात, त्या तेल शोषून घेतात. त्यांना शिवणयंत्राच्या दर्जाच्या तेलाचे दोन-तीन थेंब द्या आणि रात्रभर मुरू द्या. खोबरेल तेल, एरंडेल किंवा स्वयंपाकघरातलं कोणतंही तेल नको. ते काही महिन्यांत डिंकासारखं घट्ट होतं. गंज सोडवायचे फवारेही नकोत. ते जुनं वंगण धुऊन काढतात आणि स्वतः उडून जातात. गॅरार्ड 301 च्या सुरुवातीच्या यंत्रांना ग्रीसचं बेअरिंग होतं, नंतरच्यांना तेलाचं. ग्रीसवाल्यात तेल ओतलं तर ते झिरपून जातं. आपलं कोणतं, हे आधी पाहा.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या यंत्रांत दांड्यावर गंजाची तांबूस रेघ आणि चिपबोर्डच्या पेटीला फुगवटा, ही जोडी नेहमी सापडते. पेटी नवी करता येते. दांडा गंजून खडबडीत झाला असेल तर ते यंत्र सुट्या भागांसाठीच घ्यावं, असं माझं मत आहे.

चाक, बेल्ट आणि थेट मोटर

आयडलर चाकाच्या यंत्रांवर माझा जीव आहे, म्हणून त्यांच्या खोडी जरा सविस्तर सांगतो. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्डचे 301 आणि 401, स्वित्झर्लंडचा लेन्को एल 75, जर्मन ड्युअल 1019 आणि 1219 या सगळ्यांत मोटरचा दांडा रबरी कडेच्या चाकाला फिरवतो आणि ते चाक प्लॅटरला. जोर भरपूर, वेग चटकन धरला जातो. मोबदल्यात मोटरच्या कंपनाला प्लॅटरपर्यंत सरळ रस्ता मिळतो. थोडीशी घरघर ही इथली जन्मजात खोड आहे, आणि ती शून्य करायच्या मागे लागू नये. पण धडधड हा आजार आहे. यंत्र बंद असताना वेगाचा खटका 33 वर अडकून राहिला तर काही यंत्रांत चाक दांड्यावर दाबलेलं राहतं आणि महिन्यांत रबरावर सपाट चट्टा पडतो.

आवाज कुठून येतो ते असं ओळखा. 33⅓ वर प्लॅटरची एक फेरी 1.8 सेकंदांची असते. ठक् आवाज बरोबर त्या अंतराने आला तर तबकडी किंवा प्लॅटर बघा. एका फेरीत अनेकदा आला तर चाक. सलग गुणगुण असेल तर मोटर. मग चाक काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्याची कड, मोटरची पुली आणि प्लॅटरची आतली कड पुसा. रबर चकाकत असेल तर चारशे नंबरच्या पॉलिश कागदाने फिरतं धरून हलकेच खरवडा. चट्टा खोल असेल तर चाकावर नवं रबर चढवून घ्यावं लागतं.

गॅरार्डच्या मोटरची एक गंमत आहे. ती चौकटीला घट्ट बसवलेली नसून सहा स्प्रिंगमध्ये लटकते. एखादी स्प्रिंग चुकीच्या जागी लागली की मोटर तिरपी होते, पुली सरळ उभी राहत नाही आणि चाक वर-खाली चढू लागतं. यंत्र उघडल्यावर सगळ्यात आधी बाजूने बघा, पुली काटकोनात आहे का. वेग बारीक जुळवायचा ब्रेक धातूची चकती आणि चुंबक यांच्यावर चालतो. मोटर तापेपर्यंत वेग सरकत राहतो, हे नव्यातही होतं. दहा-पंधरा मिनिटं फिरवूनच जुळवणी करा.

थोरेन्स टीडी 124, बाजारात आला 1957 साली, हे बेल्ट आणि चाक या दोन्हींचं संकर आहे. मोटर बेल्टने एका पुलीला फिरवते आणि चाक प्लॅटरला. काम अप्रतिम. खोड प्लॅटरमध्ये: तो लोखंडाचा आहे. डेनॉन डीएल-103 किंवा ऑर्टोफॉन एसपीयूसारख्या जोरदार चुंबकाच्या कार्ट्रिजला तो खाली ओढतो आणि सुईचा भार वाढतो. पुढच्या टीडी 124/II साठी कंपनीने अचुंबकीय प्लॅटर काढला, यावरून तक्रार किती खरी होती ते कळतं. जुनाच प्लॅटर असेल तर सुईचा भार तबकडीच्याच उंचीवर, प्लॅटरच्या वरच मोजा. भार मोजायच्या काट्याचा स्वतःचा भाग लोखंडी नसावा.

बेल्टच्या यंत्रांबद्दल थोडक्यात. बेल्ट आपल्या मॉडेलच्या लांबीचाच हवा. सैल बेल्ट घसरतो, घट्ट बेल्ट मोटरची बुश एका बाजूने झिजवतो. बोटांचा तेलकटपणा टाळा. सिंक्रोनस (विजेच्या वारंवारतेच्या लयीत फिरणाऱ्या) मोटरच्या काही यंत्रांत, विशेषतः 1961 साली आलेल्या अमेरिकेतल्या अकॉस्टिक रिसर्च कंपनीच्या एआर एक्सएमध्ये, मोटर कधीकधी उलट्या दिशेने सुरू होते. पुलीजवळ बोटाने बेल्टला हलका धक्का द्या आणि बेल्ट व पुली स्वच्छ आहेत का बघा.

थेट मोटरचं मोठं नाव टेक्निक्स. एमके2 जवळजवळ अमर आहे, तरी दोन खोडी सांगायलाच हव्यात. वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी शून्यावर खट् करून बसते आणि त्या खटक्याच्या दोन्ही बाजूंना थोडा भाग निकामी असतो. तो दोष नाही, बनावटच तशी आहे. दुसरी, आवाजाच्या तारा आत कायमच्या जोडलेल्या असतात. त्या ओढल्या गेल्या की एक बाजू बंद पडते आणि माणूस कार्ट्रिज बदलत बसतो. आधी तारेचा सांधा हलवून पाहा.

वेगाची खात्री

50 हर्ट्झसाठी छापलेला कागदी स्ट्रोब वापरा: 33⅓ साठी 180 रेघा, 45 साठी 133, 78 साठी 77. पहिली अचूक बसते, बाकी दोन अगदी जवळ जातात. रेघा बघायला निऑनचा दिवा हवा. आजचे चांगले एलईडी बल्ब लुकलुकत नाहीत, त्यांच्या उजेडात रेघा नुसत्या पुसट दिसतात. अंधारात निऑनचा इंडिकेटर जवळ धरला तरी काम भागतं. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर हे करू नका. साध्या इन्व्हर्टरची वीज चौकोनी लहरीची असते, मोटर भुणभुणते आणि जुळवणी फसवी निघते.

मग कानाची परीक्षा. तबल्याच्या जलद तुकड्यात वेगातला डोल कळत नाही. ज्यात तानपुरा सतत घुमतोय असा विलंबित आलाप लावा. षड्ज किंचित वर-खाली डोलत असेल तर वेग स्थिर नाही, किंवा तबकडीचं भोक मध्यभागी नाही. तबकडी बदलून पाहा म्हणजे दोघांपैकी कोण ते ठरेल.

जुन्या 78 च्या तबकड्यांच्या बाबतीत लेन्को खरंच उपयोगाला येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या 78 वर कोरलेल्या असतीलच असं नाही. 78 च्या जागी 80 चा वेग असेल तर सूर जवळपास अर्ध्या सेमीटोनने, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराच्या निम्म्याने सरकतो. नाट्यसंगीताची जुनी तबकडी ऐकताना पेटीची पट्टी धरून वेग जुळवता येणं ही केवढी सोय आहे! तिथे लेन्कोची निमुळती बनावट खोड न राहता गुण ठरते.

ड्युअलमधला रबराचा कण

स्वयंचलित ड्युअल विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांची तक्रार एकच असते: खटका दाबला की हात उठतो, जरा सरकतो आणि पुन्हा मागे जातो. किंवा तबकडी संपल्यावर परत येतच नाही. लोक यंत्र भंगारात काढतात. दोष बहुधा काही मिलिमीटरच्या एका रबरी टोपणाचा असतो.

यंत्र उलटं करून आधार द्या, प्लॅटर आणि हाताच्या मागचं वजन आधी काढून ठेवा. मधोमध एक मोठं दातेरी चाक दिसतं, त्याच्या आतल्या बाजूला वळणदार खाचा आहेत. त्याची छोटी पकड चिमट्याने काढली की चाक सरळ वर येतं. खाली मुख्य पट्टीच्या टोकाला एक बारीक खुंटी असते. ती उघडी, नुसती धातूची दिसली तर तेच कारण. खुंटीवरच्या रबराच्या हलक्या घर्षणावरच हाताची आपोआप होणारी हालचाल अवलंबून असते. रबर झिजून गळालं की ती हालचाल बिघडते. नवं टोपण मिळतं. तोपर्यंत बारीक तारेच्या इन्सुलेशनचा योग्य लांबीचा तुकडा चढवूनही काम होतं. फक्त तो चिकट नको आणि फार लांबही नको.

चाक काढलंच आहे तर तिथलं जुनं ग्रीस बघा. पिवळं, मेणासारखं घट्ट झालेलं असतं. अल्कोहोलने पूर्ण काढा आणि सरकत्या पृष्ठभागांवर नवं, अगदी पातळ थर द्या. घर्षणाची जी खुंटी आहे तिला मात्र वंगण लावायचं नाही. उत्साहाच्या भरात तिथेच ग्रीस फासलं जातं आणि नवं टोपणही घसरतं. एक बाजू मुकी असेल तर हात फिरताना आवाज बंद करणाऱ्या छोट्या स्विचचे स्पर्शबिंदू काळे पडलेले असतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कागदाच्या पट्टीने पुसा.

हात

हाताची तपासणी सोपी आहे. सुईचं टोपण लावा, अँटीस्केटिंग (हात आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेली उलटी ओढ) शून्यावर आणा आणि वजन सरकवून हात तरंगता करा. हलकी फुंकर मारा. तो अडथळ्याविना सरकला आणि कुठेही अडकला नाही तर आडवं बेअरिंग ठीक. मग हात बुडाजवळ धरून अगदी हळू वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर ढिलाई आहे.

मागचं वजन एका बाजूला झुकलेलं दिसलं तर आतलं रबर बसलं आहे. एसएमई 3009 पासून सत्तरच्या दशकातल्या कित्येक जपानी हातांपर्यंत हा आजार सापडतो. कंपन तोडण्यासाठी घातलेलं ते रबर बदलता येतं. डिंक लावून ताठ करण्यात अर्थ नाही.

लेन्को एल 75 मध्ये हाताच्या उभ्या हालचालीचं बेअरिंग म्हणजे धारदार कड आणि तिच्याखाली व्ही आकाराचे दोन छोटे ठोकळे. हे ठोकळे वयाने भुरभुरीत होतात. बोटाने स्पर्श केला तरी चुरा हाती येतो. मग हात डुलतो, आणि लोक म्हणतात लेन्कोचा हात वाईट. नव्या पदार्थाचे ठोकळे सहज मिळतात आणि बसवायला तास-दीड तास लागतो. माझ्या मते लेन्को घेतला की हे काम विचार न करता करावं.

1971 च्या गॅरार्ड झीरो 100 ची खोड याहून खोल आहे. साध्या हाताची सुई तबकडीवरून जाताना खाचेशी किंचित कोन करते. तो कोन घालवायला गॅरार्डने हेडशेलच, म्हणजे कार्ट्रिज बसतं ते हाताचं टोकच, फिरता केला आणि दुसऱ्या दांडीने त्याची दिशा राखली. कल्पना हुशारीची, पण छोटी चूक काढण्यासाठी सुईच्या अगदी जवळ जास्तीची बेअरिंग घातली गेली, आणि तीच सैल होतात. शोभेला सुंदर, रोज ऐकायला घेऊ नका. बँग अँड ऑलुफसेनचा 1972 चा बिओग्राम 4000 हात सरळ रेषेत सरकवून तोच प्रश्न फार सुबक सोडवतो, पण त्याला कंपनीचंच कार्ट्रिज लागतं. ते मिळण्याची सोय आधी बघा, मग यंत्र घ्या.

कार्ट्रिज आणि सुई

हात आणि कार्ट्रिज यांची जोडी जुळली पाहिजे. हिशोब असा: हाताचं प्रभावी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज घ्या, सुईच्या लवचिकतेच्या (माहितीपत्रकातल्या ‘कम्प्लायन्स’च्या) आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. उत्तर 8 ते 12 हर्ट्झमध्ये हवं. उदाहरणार्थ एकूण 18.5 ग्रॅम आणि लवचिकता 15 असेल तर साधारण 9.5 हर्ट्झ येतात, म्हणजे उत्तम. जड जुन्या हातावर फार मऊ सुई लावली तर आकडा खाली घसरतो आणि तबकडी जराशी वाकडी असली तरी हात उड्या मारतो. टेक्निक्सच्या हातात बसवायचं अंतर पक्कं आहे: हेडशेलच्या जोडाच्या कडेपासून सुईच्या टोकापर्यंत 52 मिमी. हेडशेलच्या तारा जोडताना पांढरी डावी अधिक, निळी डावी उणे, लाल उजवी अधिक, हिरवी उजवी उणे.

आपल्याकडच्या घरोघरच्या छोट्या रेकॉर्ड प्लेयरांमध्ये बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असे. क्रिस्टल म्हणजे रोशेल क्षार, आणि तो हवेतला ओलावा शोषतो. कोकणातल्या दोन-चार पावसाळ्यांत आवाज क्षीण होत जातो आणि शेवटी बंद पडतो. तो दुरुस्त होत नाही, सिरॅमिक पर्याय शोधा. हे कार्ट्रिज ॲम्प्लिफायरच्या फोनो जोडणीत लावू नका. ती चुंबकीय कार्ट्रिजसाठी 47 किलोओहमची असते, सिरॅमिकला साधारण एक मेगाओहम लागतो. साध्या लाइन जोडणीतही त्याचा खर्ज निघून जातो. शिवाय जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई वर-खाली फारशी लवत नाही. ती स्टिरिओ तबकडीवर फिरवली की खाच कायमची जखमी होते. लाखेच्या 78 च्या तबकडीला वेगळी जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई तिथे खाचेच्या तळाशी घासते, खरखर वाढवते आणि स्वतः संपते.

हात आत सरकेल तशी गुणगुण वाढत असेल तर मोटरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजला लागतंय. कवच नसलेली ग्रेडो कार्ट्रिज एआर एक्सए आणि काही ड्युअलवर याच कारणाने प्रसिद्ध आहेत. तिथे अर्थिंगच्या तारा बदलून काही हाती लागत नाही, कार्ट्रिजच बदला.

जागा

थोरेन्स टीडी 150, टीडी 160, एआर, लिन एलपी12 ही स्प्रिंगवर तरंगणारी यंत्रं लाकडी तक्तपोशीच्या माडीवर चालताना पावलागणिक सुई उडवतात. वाड्यात आणि कोकणातल्या जुन्या घरांत हे कायमचंच. भिंतीत ठोकलेली हलकी फळी हाच इलाज. आधी तीन नट फिरवून प्लॅटर दाबून सोडल्यावर तो सरळ वर-खाली डोलेल असं करा. आडवा हेलकावा आला तर बहुतेक वेळा हातातून निघणारी तार खालून ओढ देत असते. तिला सैल वळसा द्या आणि पुन्हा बघा.

आयडलरवाल्यांना उलटं लागतं: भारी, भरीव पेटी. गॅरार्ड 301 आणि 401 पेटी आणि हाताशिवाय, नुसतं यंत्र म्हणून विकले जात, त्यामुळे प्रत्येकाची पेटी कुण्या सुताराच्या अंदाजाने बनलेली असते. पोकळ पेटीवर बोट वाजवून बघा. ढोलासारखा आवाज आला तर घरघरीचं अर्धं कारण तिथेच सापडलं. प्लायवुडचे थर चिकटवून केलेली भरीव पेटी करून घ्या, आणि यंत्र बसवताना पाणसळ पेटीवर न ठेवता प्लॅटरवर ठेवून समपातळी साधा.